पाटी, वही आणि लहान संगणक

प्रास्ताविक

घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची ठरली की आपण चार ठिकाणी चौकशी करतो, जाणत्यांना विचारतो, वस्तू हातात घेऊन पाहतो आणि मगच पैसे मोजतो. शिलाई यंत्र, सायकल, पाणी उपसण्याचा पंप यांबाबत आपली परीक्षा सहसा चुकत नाही, कारण त्यांचे काम आपल्या डोळ्यांसमोर चालते. संगणकाचे तसे नसते. त्याचे काम पेटीच्या आत चालते, त्याचे वर्णन अनोळखी शब्दांत असते आणि विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. परिणामी कित्येक महिन्यांची बचत एखाद्या देखण्या पण निरुपयोगी यंत्रात अडकून पडते.

नोकरी, शेती, घरकाम वा व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना तर असे नुकसान परवडणारे नाही. म्हणून या पाठात दैनंदिन उपयोगासाठी लहान, हलका लॅपटॉप कसा पारखावा याचा विचार केला आहे. उदाहरणे तामिळनाडूतील कुंभकोणम या गावातून घेतली आहेत. तंजावर जिल्ह्यातील, कावेरीच्या काठी वसलेल्या या गावाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे आणि आपल्या विषयाशीही या गावाचा संबंध आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण
• आपल्या कामानुसार लॅपटॉपची गरज ठरवू शकाल;
• वजन, पडदा, स्मृती, साठवण व बॅटरी यांविषयीच्या आकड्यांचा अर्थ सांगू शकाल;
• मराठी लेखनासाठी लागणाऱ्या सोयी तपासू शकाल;
• नवे व वापरलेले यंत्र यांची तुलना करून योग्य निर्णय घेऊ शकाल.

मूळ पाठ

१. पाटीपासून लॅपटॉपपर्यंत

थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ मध्ये ईरोड येथे झाला. परंतु त्यांचे बालपण व शिक्षण कुंभकोणम येथे झाले. तेथील सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे त्यांचे छोटेसे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. कागद महाग होता, म्हणून रामानुजन आकडेमोड पाटीवर करीत. पाटी भरली की फडके शोधण्यात वेळ न घालवता कोपरानेच ती पुसून टाकीत. हाती आलेला निष्कर्ष तेवढा ते वहीत उतरवून ठेवीत.

कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. पण गणिताखेरीज अन्य विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे ती गेली. पुढे मद्रासच्या महाविद्यालयातही ते परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. शाळा-महाविद्यालयाच्या चौकटीबाहेर पडलेल्या या तरुणापाशी अभ्यासाचे साधन होते ते एवढेच: एक पाटी आणि काही वह्या. पाटीवरचे पुसले गेले, वहीतले उरले. त्या वह्यांत तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत. परंतु बहुतेकांच्या सिद्धता त्यांत नाहीत. कागदाची टंचाई हे त्याचे एक कारण मानले जाते. त्या सिद्धता नव्याने मांडण्यासाठी ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाला पुढे वीस वर्षांहून अधिक काळ परिश्रम करावे लागले.

पाटी आणि वही ही जोडी ध्यानात ठेवावी. लॅपटॉपच्या आतही अशीच एक पाटी आणि एक वही असते. त्यांची ओळख आपण पुढे करून घेणार आहोत.

हातातून नेता येईल असा संगणक ही कल्पना मात्र फार जुनी नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ नावाचा वाहून नेण्याजोगा संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा अवघा ५ इंचांचा होता आणि तो चालवण्यासाठी भिंतीतील विजेची जोडणी लागे. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २००७ मध्ये, ‘असुस ई पीसी’ हा १ किलोहूनही कमी वजनाचा, ७ इंची पडद्याचा लॅपटॉप आला आणि लहान, हलका व स्वस्त संगणक सामान्य माणसालाही घेता येतो हे दिसून आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या खेड्याच्या प्राथमिक शाळेत मुलांना लहान लॅपटॉप देण्याचा प्रयोग सुरू झाला. या लॅपटॉपचा पडदा भर उन्हातही वाचता येई आणि कळफलक धूळ-पाण्यापासून बचाव होईल अशा रबरी आवरणाचा होता. यंत्र कोठे वापरले जाणार याचा विचार करून ते घडवले गेले होते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

तामिळनाडू शासनाने १५ सप्टेंबर २०११ रोजी शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. पुढील काही वर्षांत सुमारे पन्नास लाख लॅपटॉप वाटले गेले. ज्या घरांत पूर्वी दूरचित्रवाणी संचापलीकडे विजेचे मोठे उपकरण नव्हते, अशा अनेक घरांत त्यामुळे संगणक पोहोचला. २०२५ च्या अर्थसंकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी वीस लाख लॅपटॉप वा टॅब्लेट देण्याची घोषणाही झाली. परंतु ज्याचे नाव शाळेच्या पटावरून कधीच कमी झाले, त्याला अशा यादीत जागा नसते. त्याला यंत्र स्वतः निवडावे लागते आणि स्वतःच्या पैशाने घ्यावे लागते. निवडीचे ज्ञान खऱ्या अर्थाने त्यालाच हवे.

२. आधी काम, मग यंत्र

‘चांगला लॅपटॉप कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ‘माझ्या कामाला पुरेल असा कोणता?’ असा प्रश्न विचारला तरच उत्तराची वाट सापडते. कुंभकोणम परिसरातील तीन कल्पित व्यक्ती डोळ्यांसमोर आणू.

पहिली व्यक्ती नाच्चियारकोविलची. हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. कारागिराच्या घरातील ही मुलगी दिवसा वडिलांना मदत करते आणि रात्री मुक्त विद्यालयाच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिला पाठ्यपुस्तकांच्या संगणकीय प्रती वाचायच्या आहेत, व्याख्यानांच्या चित्रफिती पाहायच्या आहेत, स्वाध्याय टंकित करायचे आहेत. आठवड्यातून एकदा यंत्र पिशवीत घालून बसने अभ्यासकेंद्राला न्यायचे आहे. तिला वजन, बॅटरी आणि वाचनीय पडदा या गोष्टी महत्त्वाच्या.

दुसरी व्यक्ती तिरुभुवनम् येथील रेशमी साड्यांचा व्यवहार पाहणारे गृहस्थ. त्यांना हिशेब ठेवायचे, देयके छापायची आणि नव्या साड्यांची छायाचित्रे दूरच्या व्यापाऱ्यांना पाठवायची आहेत. यंत्र बहुतांशी दुकानातच राहील. त्यांना थोडा मोठा पडदा, रंगांची अचूकता, छपाईयंत्र जोडण्याची सोय आणि भरपूर साठवण हवी. अर्धा किलो वजन जास्त झाले तरी त्यांचे बिघडत नाही.

तिसरी व्यक्ती घरी शिकवण्या घेणाऱ्या आजी. त्यांना परगावच्या नातवंडांशी चित्रसंवाद साधायचा आहे, बातम्या वाचायच्या आहेत आणि घरातील जुन्या पत्रांच्या मराठी नकला करायच्या आहेत. त्यांना मोठी अक्षरे, स्पष्ट आवाज, बरा कॅमेरा आणि सोपी हाताळणी हवी. यांपैकी लेखनाचे काम वगळले, तर त्यांना टॅब्लेटही पुरेल.

यंत्र बाजारात एकच असते, पण तिघांच्या दृष्टीने त्याचे मोल निरनिराळे ठरते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहाव्यात: मी या यंत्रावर रोज कोणती कामे करणार? ते कोठे कोठे नेणार? आणि ते किती वर्षे टिकावे अशी माझी अपेक्षा आहे? ज्याच्यापाशी हा कागद आहे, त्याला विक्रेत्याच्या बोलण्याची भुरळ सहसा पडत नाही.

मोठ्या पडद्याचा मोबाइल असताना लॅपटॉप हवाच का, असाही प्रश्न कोणी विचारील. वाचण्या-पाहण्यापुरता मोबाइल पुरतो. परंतु चार पानांचा निबंध लिहिणे, हिशेबाचा तक्ता तयार करणे, एकीकडे धडा उघडून दुसरीकडे टिपणे काढणे ही कामे कळफलक व रुंद पडदा यांवाचून कष्टाची होतात. अशी कामे आपल्याला खरोखर करायची नसतील, तर खर्च न करणे हाही योग्य निर्णयच आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) रामानुजन यांच्या वह्यांत बहुतेक सिद्धता का आढळत नाहीत?
(आ) साड्यांच्या व्यापाऱ्याला वजनाचे महत्त्व कमी का वाटते?
(इ) आपल्या स्वतःच्या कामांची तीन ओळींत यादी करा.

३. वजन आणि पडदा

रोज सोबत न्यायच्या लॅपटॉपचे वजन १ ते १.५ किलोच्या दरम्यान असावे. दोन किलोंच्या पुढचे यंत्र काही दिवसांतच घरी राहू लागते, आणि जे सोबत नेले जात नाही त्याचा हलकेपणाही वाया जातो आणि त्यावरचा खर्चही. जाहिरातीत यंत्राचेच वजन दिलेले असते, चार्जरचे नसते. म्हणून दोन्ही एकत्र हातात घेऊन पाहावे. यंत्र उघडताना बिजागरी कुरकुरते का, एका कोपऱ्यात धरून उचलले तर ते वाकते का, हेही पाहावे. फार पातळ आणि फार स्वस्त या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर मजबुतीत काही तरी कमी केलेले असण्याचा संभव असतो.

पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात. लहान लॅपटॉपमध्ये ११.६, १३.३ आणि १४ इंच ही मापे प्रचलित आहेत. नेहमीच्या रुंदट घडणीच्या ११.६ इंची पडद्याची उंची सुमारे १४ सेंटिमीटर भरते. १४ इंची पडद्याची सुमारे १७ सेंटिमीटर. छापील पाठ्यपुस्तकांत रूढ असलेल्या ए-४ आकाराच्या पानाची उंची जवळजवळ ३० सेंटिमीटर असते. म्हणजे लहान पडद्यावर मूळ आकारात निम्मे पानही दिसत नाही, मोठ्या पडद्यावर निम्म्याहून अधिक दिसते. तासन्‌तास वाचणाऱ्याला हा फरक जाणवतो. प्रवास फार असेल तर १३.३ इंच, बैठे काम अधिक असेल तर १४ इंच, हा बहुतेकांना मानवणारा मध्यम मार्ग होय.

मापाइतकेच महत्त्व स्पष्टतेला आहे. पडद्यावरील चित्र सूक्ष्म ठिपक्यांनी बनते. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर साधारण साडेदहा लाख ठिपके असतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे पावणे एकवीस लाख. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार, जोडाक्षरे अशी बारीक चिन्हे पुष्कळ असल्याने मराठी वाचकाने दुसऱ्या प्रकारचाच पडदा घ्यावा. तसेच चकचकीत पडद्यात मागच्या खिडकीचे प्रतिबिंब पडते. मंद पृष्ठभागाचा पडदा डोळ्यांना सुखावह असतो. दुकानातील दिव्यांखाली सर्वच पडदे छान दिसतात, म्हणून शक्य झाल्यास यंत्र दाराजवळच्या उजेडात नेऊन पाहावे.

४. यंत्राच्या आतील पाटी आणि वही

संगणक ज्या मजकुरावर सध्या काम करीत आहे तो जेथे मांडतो, त्या जागेला कार्यस्मृती किंवा रॅम म्हणतात. हीच यंत्राची पाटी. वीज बंद झाली की ती पुसली जाते. जो मजकूर कायम ठेवायचा तो साठवणीत, म्हणजे एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर उतरवला जातो. ही यंत्राची वही. वीज गेली तरी ती तशीच राहते.

पाटी लहान असेल तर काय होते? एक धडा, एक शब्दकोश, एक चित्रफीत आणि एक निबंध एकाच वेळी उघडले की जागा अपुरी पडते. मग संगणक पाटीवरचा काही मजकूर वहीत ठेवतो, पुन्हा लागला की पाटीवर आणतो आणि या धावपळीत तो मंदावतो. ‘लॅपटॉप अडकतो’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा हेच घडत असते. विंडोज ११ ही संचालन प्रणाली किमान ४ जीबी रॅम मागते. परंतु किमान म्हणजे पुरेसे नव्हे. दैनंदिन कामासाठी ८ जीबी रॅम हे आजचे सुज्ञ माप आहे. येथे एक सावधानता आवश्यक आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच पक्की जोडलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. ‘आता ४ जीबी घ्या, नंतर वाढवू’ असे कोणी सांगितले, तर ‘वाढवण्यासाठी जागा आहे का?’ असे स्पष्ट विचारावे.

वहीचे प्रकार तीन. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. ती स्वस्त, परंतु संथ आणि धक्क्याने बिघडणारी. एसएसडीमध्ये फिरते भाग नसतात. ती वेगवान असते व प्रवासात सुरक्षित राहते. तिसरा प्रकार ईएमएमसी. तो अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये, बहुधा ६४ जीबी क्षमतेचा आढळतो. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या यंत्रात आपल्या मजकुरासाठी फारसे काही उरत नाही हे उघड होते. २५६ जीबी एसएसडी विद्यार्थ्याला पुरेशी ठरते. छायाचित्रांचा मोठा संग्रह ठेवायचा असेल तर ५१२ जीबी घ्यावी.

तरीही कोणतीही वही कायमची नसते. यंत्र हरवते, पडते, बिघडते. महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत दुसरीकडे, म्हणजे पेन ड्राइव्हवर वा इंटरनेटवरील साठवणीत, ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ज्यांच्या अभ्यासाची एकच प्रत असते, त्यांचा अभ्यास एका अपघाताच्या अंतरावर असतो.

प्रक्रियक हा यंत्राचा गणित करणारा भाग. त्याची नावे व क्रमांक इतके आहेत की तज्ज्ञही गोंधळतात. आपण एवढेच पाहावे की तो अलीकडच्या काही वर्षांतील असावा. वाचन, लेखन, चित्रफिती व हिशेब यांसाठी सर्वांत महाग प्रक्रियकाची गरज नसते. तेथे वाचलेले पैसे रॅम आणि पडदा यांवर खर्च करणे अधिक हिताचे.

५. बॅटरी, वीज आणि उष्मा

२०१२ च्या सुमारास तामिळनाडूत विजेची तीव्र टंचाई होती आणि चेन्नईबाहेरील गावांत दिवसातून कित्येक तास वीज जात असे. पुढे परिस्थिती सुधारली; परंतु वादळवाऱ्यात आणि दुरुस्तीच्या काळात वीज जाणे आपल्या देशात कोठेही अपरिचित नाही. शिवाय प्रवासात व ग्रंथालयात प्रत्येकाला वीजजोडणी मिळतेच असे नाही. म्हणून बॅटरीचा हिशेब नीट समजून घ्यावा.

बॅटरीची क्षमता वॉट-तासांत सांगतात आणि यंत्राचा वापर वॉटमध्ये. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की तास मिळतात. समजा, बॅटरी ४८ वॉट-तासांची आहे आणि वाचन-लेखन करताना यंत्र ८ वॉट वीज घेते. तर ४८ भागिले ८, म्हणजे ६ तास काम चालेल. पडद्याचा उजेड वाढवला किंवा चित्रफीत लावली की वापर वाढतो आणि तास कमी होतात. वापरानुसार बॅटरी जीर्णही होते. तिची क्षमता पाचव्या हिश्शाने घटली, तर सहा तासांचे पावणेपाच तासांच्या आसपास उरतील. म्हणून आज जेवढे तास हवेत, त्याहून दोन तास अधिक देणारी बॅटरी पाहावी. बॅटरी बदलून मिळते का आणि तिला किती पैसे पडतात, हेही खरेदीच्या वेळीच विचारावे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील उन्हाळा कडक आणि हवा दमट असते. आपल्या कोकणातही तसेच. उष्णतेने बॅटरी लवकर जीर्ण होते. लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवल्यास खालची हवेची छिद्रे बुजतात व यंत्र तापते. त्याऐवजी लाकडी पाटावर किंवा मेजावर ठेवावे. बंद मोटारीत, खिडकीतल्या उन्हात ते ठेवू नये. काही हलक्या लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. असे यंत्र आवाज करीत नाही आणि धूळ आत ओढत नाही. मात्र जड काम दिल्यास तापून मंदावते. अभ्यासासाठी तेवढे चालते.

६. कळफलक आणि आपली लिपी

कुंभकोणमचा मराठीशी संबंध तीनशे वर्षांहून जुना आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळी आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही त्या प्रदेशात राहतात आणि घरात वेगळ्या धाटणीची मराठी बोलतात. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे अशाच मराठी कुटुंबातले. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच झाला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. परंतु तमिळमधून वा इंग्रजीतून शिकलेल्या अनेक तंजावरी मराठी माणसांना आज देवनागरी लेखनाचा सराव राहिलेला नाही. अशांना, आणि आपल्यालाही, लॅपटॉप साहाय्य करू शकतो.

भारतीय लिपींसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळफलकाची प्रमाणित रचना आहे. तिचे वैशिष्ट्य असे की एका ध्वनीची कळ सर्व भारतीय लिपींत सहसा एकाच जागी असते. तमिळ ‘क’ जेथे, तेथेच देवनागरी ‘क’. स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे येतात. तमिळ लिपीत ख, ग, घ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत. देवनागरीत तेवढी वेगळी शिकावी लागतात. एका लिपीत हात बसला की दुसरी लिपी निम्मी शिकून होते. ही सोय संचालन प्रणालीत आधीपासून असते. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

मजकूर मात्र युनिकोड पद्धतीनेच टंकित करावा. पूर्वीच्या अनेक मराठी टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, त्यामुळे कुंभकोणमला लिहिलेले पत्र कोल्हापूरला जसेच्या तसे वाचता येते. २०१४ पासून मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे.

लहान यंत्रात कळाही लहान केलेल्या असू शकतात. दुकानात उभ्याउभ्या चार शब्द टंकून समाधान मानू नये. बसून एक परिच्छेद लिहून पाहावा. बोटे शेजारच्या कळेवर वारंवार पडत असतील, तर ते यंत्र आपल्यासाठी नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) रॅम व साठवण यांतील फरक पाटी-वहीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) ४२ वॉट-तासांची बॅटरी व ७ वॉट वापर असल्यास यंत्र किती तास चालेल?
(इ) मराठी मजकूर युनिकोडमध्येच का टंकित करावा?

७. नवे की वापरलेले?

कार्यालयांतून बाहेर पडलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप कमी किमतीत मिळतात. घडणीने ते पुष्कळदा नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा मजबूत असतात. परंतु त्यांची परीक्षा अधिक कसून घ्यावी लागते. प्रत्येक कळ दाबून पाहावी, पडद्यावर पांढरे पान उघडून डाग शोधावेत, कॅमेरा व आवाज तपासावा, चार्जर काढून अर्धा तास यंत्र चालवावे.

संचालन प्रणालीकडे विशेष लक्ष द्यावे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रक्रियक असलेल्या बहुतेक लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते. त्यांना लिनक्स ही विनामूल्य संचालन प्रणाली घालून नवे आयुष्य देता येते. भारतातच सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. ती किंवा तिच्यासारखी अन्य प्रणाली बसवून देणारे कोणी ओळखीचे असेल तर जुने यंत्र घेण्यास हरकत नाही. यंत्राच्या मूळ खरेदीची पावती मात्र अवश्य मागावी. चोरीची वस्तू स्वस्तात घेणे कधीच स्वस्त पडत नाही.

८. किंमत, पावती आणि हमी

किंमत केवळ आज मोजलेल्या रकमेवरून ठरवू नये. समजा, एक यंत्र २८,००० रुपयांना मिळते, पण दोन वर्षांत अपुरे पडते. दुसरे ३६,००० रुपयांना मिळते आणि पाच वर्षे चालते. पहिल्याचा रोजचा खर्च सुमारे ३८ रुपये, दुसऱ्याचा सुमारे २० रुपये. स्वस्त कोणते, हे आता सांगण्याची गरज नाही. हप्त्यांवर खरेदी करताना ‘व्याज नाही’ एवढ्यावर विसंबू नये; प्रक्रिया शुल्क धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील ते लिहून घ्यावे.

भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉप व चार्जरसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक आहे. त्याची खूण यंत्रावर पाहावी. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमी किती काळाची, तीत बॅटरी येते का, आणि दुरुस्तीकेंद्र आपल्या गावात आहे की शंभर किलोमीटरवर, हे विचारावे. दुरुस्तीसाठी दोनदा दूरच्या शहरात जावे लागले तर बुडालेली मजुरी हीदेखील यंत्राचीच किंमत होय. फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. पावती नसेल तर मात्र तक्रारीला आधार उरत नाही.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र आपल्याला शहाणे करीत नाही. ते फक्त आपल्या कष्टांना जागा देते. पाटी पुसण्याची वेळ कमी यावी, वही सुरक्षित राहावी आणि ती जिथे जाल तिथे सोबत असावी, एवढेच त्याच्याकडून मागायचे. ही मागणी नेमकी कोणत्या शब्दांत करायची हे ज्याला कळले, त्याची बचत वाया जात नाही.

आपण काय शिकलो?

• खरेदीपूर्वी काम, वापराचे ठिकाण व अपेक्षित आयुष्य लिहून काढावे.
• १ ते १.५ किलो वजन, १३.३ किंवा १४ इंची स्पष्ट पडदा, ८ जीबी रॅम व २५६ जीबी एसएसडी हे विद्यार्थ्यासाठी योग्य माप आहे.
• बॅटरीचे वॉट-तास भागिले वापराचे वॉट म्हणजे कामाचे तास.
• इनस्क्रिप्ट कळफलक व युनिकोड यांमुळे मराठी मजकूर सर्वत्र वाचता येतो.
• पावती, अनुक्रमांक व हमी हे ग्राहकाचे संरक्षण आहे.

शब्दार्थ

सिद्धता – एखादे विधान खरे असल्याचे तर्काने दाखवणे
कळफलक – टंकनासाठीच्या कळांची पाटी, कीबोर्ड
संचालन प्रणाली – संगणकाचे सर्व काम चालवणारी मूलभूत आज्ञावली
प्रक्रियक – संगणकातील आकडेमोड करणारा भाग, प्रोसेसर
अद्यतन – आज्ञावलीत वेळोवेळी केली जाणारी सुधारणा

स्वाध्याय

१. ‘आधी काम, मग यंत्र’ या विधानाचा अर्थ पाठातील तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या ओळखीच्या एखाद्या व्यक्तीसाठी लॅपटॉप निवडायचा आहे असे समजून, दुकानदाराला विचारण्याचे आठ प्रश्न लिहा.
३. नवे व वापरलेले यंत्र यांचे फायदे-तोटे सांगणारा संवाद दोन मैत्रिणींमध्ये कल्पून लिहा.
४. नादुरुस्त निघालेला लॅपटॉप बदलून मिळावा यासाठी विक्रेत्याला औपचारिक पत्र लिहा.